झोप न लागणे : एका लिपिकाचा अनुभव

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या विषयावर बोलण्याची विनंती केली तेव्हा मी त्यांना म्हटले, की मी काही डॉक्टर नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास आणि नोकरी बँकेत लिपिकाची. त्यावर ते म्हणाले, "डॉक्टरांना आम्ही बोलावतोच, पण रात्र-रात्र जागलेला माणूस अजून कोणी बोलावलेला नाही." तेव्हा आज मी त्या नात्याने आपल्यासमोर उभा आहे. जवळजवळ तीन वर्षे मला झोप लागत नव्हती. लागत नव्हती म्हणजे अजिबात नाही असे नव्हे, तसे असते तर मी येथे उभा राहिलोच नसतो. दिवा मालवल्यापासून डोळा लागेपर्यंत दीड तास, दोन तास, कधी तीन तास जात. डॉक्टर मंडळी याला जुनाट निद्रानाश केव्हा म्हणतात, तर आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने असे चालले म्हणजे. एखाद्या लग्नाच्या किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री झोप आली नाही, तर तो आजार नव्हे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले, हे आपणा सर्वांना आठवत असेल. मी तेव्हा रोख काउंटरवर होतो. सकाळपासून रांग, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत नोटांची मोजदाद आणि ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही. एके रात्री माझ्या पेटीत चार हजार रुपये कमी भरले. नव्या दोन हजारांच्या दोन नोटा. कोणाला जास्त गेल्या, की दोन चिकटून गेल्या, कोण जाणे. रोख कमी आली तर ती रोखपालाने भरायची असते, त्याप्रमाणे मी भरली. पैशांचे दुःख होतेच, पण त्याहून वाईट असे झाले, की त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी पुन्हा नोटा मोजू लागलो. सकाळी पहिला कोण आला, त्याला किती दिले, दुसरा कोण... अशी सबंध रांग डोळ्यांसमोरून जाई. असे तीन आठवडे झाले.

आता गंमत अशी, की ती गर्दी जानेवारीत ओसरली. पुढे मला काउंटरवरून दुसऱ्या टेबलावर दिले. त्या दोन हजारांच्या नोटाही रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून काढून घ्यायचे ठरवले. म्हणजे ज्या कारणाने झोप गेली ते कारण राहिले नाही, पण झोप काही परत आली नाही. हे कसे?

याचे उत्तर मला फार उशिरा समजले, आणि आजच्या बोलण्यात एवढे एकच ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची कारणे तीन जातींत मांडली. पहिली जात स्वभावाची : काही माणसे मुळातच काळजी करणारी, हलक्या झोपेची असतात. दुसरी जात प्रसंगाची : आजारपण, मृत्यू, नोकरीतला ताण, घरात लहान मूल. तिसरी जात म्हणजे झोप गेल्यावर ती मिळवण्यासाठी आपण स्वतः जे उपाय सुरू करतो ते. प्रसंग निघून जातो, पण उपाय मागे राहतात आणि तेच आजार चालू ठेवतात. विहीर बुजली तरी रहाट गरगरत राहावा, तसे.

माझे उपाय ऐका. झोप कमी पडते म्हणून मी साडेअकराऐवजी साडेनऊलाच अंथरूण धरू लागलो. रविवारी नऊपर्यंत लोळत राहू लागलो. शनिवारी सुटी असली की दुपारी दोन तास ताणून देई. कामावर पेंग येते म्हणून चारचा चहा होताच, त्यात सहाचा आणि घरी आल्यावर आठचा मिळवला. आईने जायफळ उगाळून दूध दिले, काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले. त्या उपचाराने बरे वाटे हे खरे, आईच्या हाताने कोणाला बरे वाटत नाही? पण दिवा मालवला, की रांग पुन्हा सुरू. एका सहकाऱ्याने घोटभर घेण्याचा सल्ला दिला. तोही करून पाहिला. दारूने डोळा लवकर लागतो, परंतु दारूचा अंमल उतरताना मध्यरात्रीनंतरची झोप तुकड्या-तुकड्यांची होते. त्याचा अनुभव मी आठ दिवस घेतला. पत्नीने नवव्या दिवशी बाटली मोरीत ओतली, म्हणून ते प्रकरण तेथेच संपले.

मग गोळी आली. एका परिचिताला लिहून दिलेली अल्प्राझोलॅमची गोळी, त्याने मला दिली. मार्च २०१४ पासून ही आणि अशा प्रकारची अनेक औषधे 'एच-१' या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम आहे. पण नियम दुकानदाराला आहे, मित्राला थोडाच आहे! पहिल्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. चार महिन्यांत अर्ध्याची एक झाली आणि वर्षभरात एकाच्या दोन. त्यानंतर गोळी घेऊनही तासभर जागा राहू लागलो आणि सकाळी अकरापर्यंत डोक्यावर घोंगडी टाकल्यासारखे वाटू लागले.

जुलै २०१९ मधली गोष्ट. एका बाईंनी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी बारा हजार रुपये त्याच्या खात्यात भरायला दिले. खाते क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मी उलटे टाकले. पडद्यावर खातेदाराचे नाव येते, ते वाचायचे असते. मी ते वाचले नाही. माझे डोळे उघडे होते, एवढेच. रक्कम भलत्याच खात्यात जमा झाली आणि त्या खातेदाराने दुपारी ती काढूनही घेतली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला. फी भरण्याची शेवटची तारीख तीच होती. आई धुणीभांडी करून पैसे साठवणारी. तो काही रागाने बोलला नाही. "साहेब, स्लिपवर तर नंबर बरोबर आहे ना?" एवढेच त्याने विचारले. मी शिकलो ते फीमाफीवर, त्यामुळे फीची शेवटची तारीख काय असते हे मला कोणी सांगायला नको. माझ्या खात्यातून बारा हजार काढून त्याला दिले. माझी रक्कम पुढे आठ-दहा दिवसांनी, पुष्कळ फेऱ्या मारून वसूल झाली. लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दिला. त्यात झोपेचा उल्लेख केला नाही. काय लिहिणार?

त्यानंतर मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो असताना ओळखीचे कोणी दिसू नये म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते, हेही कबूल करतो. आपल्या वस्तीत या विभागाला काय म्हणतात ते आपण जाणताच. परंतु आत ज्या डॉक्टरबाई होत्या त्यांनी मला वेडा ठरवले नाही आणि नवीन गोळीही दिली नाही. आधी त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. मी घोरतो का, झोपेत श्वास अडकतो असे पत्नी म्हणते का, रात्री पायांत हुळहुळल्यासारखे होऊन ते सारखे हलवावेसे वाटतात का, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न येणे आणि कशातच मन न लागणे असे आहे का. हे आपणही ध्यानात ठेवावे. यांपैकी काही असेल तर तो निराळा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार निराळे. जोराने घोरणारा, दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस झोपेची गोळी घेऊ लागला, तर उलट धोका वाढतो.

मग त्यांनी मला एक कागद दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही बँकेत आहात ना? मग दोन आठवडे झोपेची खतावणी लिहून आणा." अंथरुणावर किती वाजता पडलो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, रात्री किती वेळा उठलो, सकाळी किती वाजता जागा झालो, दिवसा किती डुलक्या काढल्या, चहा किती वाजता घेतला. नोंद सकाळी, अंदाजाने करायची. रात्री घड्याळ पाहायचे नाही, कारण घड्याळ पाहिले की "आता चारच तास उरले" असा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबानेच माणूस आणखी जागा होतो.

जन्मभर दुसऱ्यांची खाती लिहिली, ही माझी स्वतःची पहिलीच. दोन आठवड्यांची बेरीज केली तेव्हा मी थक्क झालो. अंथरुणावर रोज सरासरी नऊ तास, झोप साडेपाच तास. म्हणजे एकसष्ट टक्के. मी लोकांना सांगत होतो, की मला दोन तासही झोप मिळत नाही. खोटे बोलत नव्हतो, मला तसेच वाटत असे. जागेपणाचा वेळ मोजला जातो आणि झोपेचा मोजता येत नाही, त्यामुळे असा चुकीचा ताळा निघतो.

डॉक्टरबाईंनी सांगितलेला उपाय ऐकून मला वाटले त्या चेष्टा करीत आहेत. त्या म्हणाल्या, "झोप साडेपाच तासांचीच आहे ना? मग अंथरूणही साडेपाच तासच वापरा. साडेबाराच्या आत पडायचे नाही आणि सहाला उठायचेच. रविवारी, सणावारीसुद्धा. दुपारी झोप नाही." ज्याला झोप येत नाही त्याला जागरण सांगायचे! पण यामागचे तत्त्व सरळ आहे. माणूस जागा असतो तोपर्यंत मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढत जाते. झुरिचचे अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये मांडले, की ही साठत जाणारी ओढ आणि शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ या दोहोंच्या मेळाने झोप ठरते. दुपारी डुलकी काढणे म्हणजे साठवलेली ओढ संध्याकाळच्या आतच खर्चून टाकणे. चहा-कॉफीतले कॅफीन त्या ॲडेनोसिनचीच जागा अडवते आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे माझ्या आठच्या चहाचा अर्धा कप रात्री एक वाजता माझ्याबरोबर अंथरुणात होता. आणि घड्याळाचे म्हणाल, तर ते सकाळच्या उजेडाने आणि ठरावीक वेळी उठण्याने जुळते. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते.

दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ पासूनचा. अंथरूण झोपेसाठी. तेथे वाचन नाही, मोबाईल नाही, हिशेब नाही. डोळे जड झाल्यावरच पडायचे आणि पाव तासाच्या अंदाजाने झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे, झोप आली की परत यायचे. रोज दोन-दोन तास तळमळत पडल्याने अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, अशी शरीराची समजूत होऊन बसते, ती मोडायची.

आता येथे माझी अडचण झाली आणि ती आपल्यापैकी अनेकांची होईल. दुसरी खोली कोणती? आमचे घर सव्वादोनशे चौरस फुटांचे. आई खाटेवर, मुलगी आणि पत्नी खाली, त्यांच्या बाजूला मी. पाय ठेवायला जागा शोधावी लागते. मी डॉक्टरबाईंना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या, कारण हे नियम ज्यांनी केले त्यांच्या देशात माणशी एक खोली असते. मग आम्हीच तोडगा काढला. ओट्याजवळ एक पाट ठेवला, भिंतीला टेकून बसता येईल असा. झिरोचा दिवा. उकाड्यात बाहेरच्या गॅलरीत बसलो. अंथरूण सोडले ही गोष्ट महत्त्वाची, मग चार हात अंतर असले तरी चालते. दिवसा गादी गुंडाळून ठेवायची आणि तिच्यावर बसून टीव्ही पाहायचा नाही, हेही ठरवले. पाटावर बसून काय करायचे? मी मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने फाडून तिच्यासाठी कच्च्या कामाची वही शिवीत असे. कंटाळवाणे काम हवे. मोबाईल हातात घेतला की तास कुठे गेला ते कळत नाही.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्री अकरापासून डोळे मिटत आणि मी गॅलरीत येरझाऱ्या घालीत असे. शेजारचे काका विचारीत, "काय रे, पोट बिघडलं का?" बँकेत मी त्या काळात विनंती करून रोखीचे काम घेतले नाही. चौथ्या दिवशी पत्नीला म्हटले, हे सोडून देतो. ती म्हणाली, "तीन वर्षे केलेत ते तरी कुठे जमले?" अकराव्या की बाराव्या रात्री साडेबाराला पडलो आणि एकदम सकाळच झाली. मधले काहीच आठवेना. त्या आठवड्यात खतावणी अठ्ठ्याऐंशी टक्के निघाली. पंचाऐंशीच्या वर गेले की पंधरा मिनिटे वाढवायची. मग सव्वाबारा, बारा, पावणेबारा, अशी अकराला येऊन पोचण्यास तीन महिने लागले. दोन वेळा पुन्हा मागे जावे लागले.

गोळीचे मात्र वेगळे सांगतो, आणि येथे कृपया नीट लक्ष द्यावे. माझे भाषण ऐकून आज रात्री कोणी गोळी बंद करू नये. अशी गोळी बरेच दिवस घेतलेल्याने ती एकदम सोडली, तर अंगाला कंप सुटतो, झटकेसुद्धा येऊ शकतात. माझी गोळी डॉक्टरांनी पाव-पावाने कमी करीत साडेचार महिन्यांत सोडवली. तसेच अंथरुणाचा वेळ कमी करण्याचा हा उपायही सर्वांसाठी नाही. ज्यांना फिट येतात, ज्यांना कधी अति उत्साह आणि कधी खोल उदासी असा मनाचा आजार आहे, जे बस, रिक्षा, ट्रक चालवतात किंवा यंत्रावर काम करतात, त्यांनी तो आपल्या मनाने मुळीच करू नये. हा काही आमच्या डॉक्टरबाईंचा घरगुती नुस्खा नव्हता. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले, की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी ही सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती द्यावी. आपल्याकडे ती शिकवायला वेळ असलेले डॉक्टर थोडे आणि बाहेर रांग मोठी, म्हणून गोळी लवकर लिहिली जाते. त्या डॉक्टरांनाही मी दोष देत नाही. रांग म्हणजे काय ते मी जाणतो.

अनेकजण विचारतात, श्वासावर लक्ष ठेवले की झोप येते का? मी करून पाहिले. सुरुवातीला जमले नाही, कारण माझे लक्ष श्वासावर नसून 'झोप आली का?' यावर होते. झोपेचे असे आहे, की तिच्यावर पाळत ठेवली तर ती उंबऱ्याच्या आत येत नाही. श्वास पाहायचा तर तो संध्याकाळी, बसून, झोपेची अपेक्षा न ठेवता पाहावा. एकेक स्नायू आधी ताणून मग सैल सोडण्याची युक्ती एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२९ च्या पुस्तकात सांगितली. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत, ती मला अधिक उपयोगी पडली. आणि काळजीची कामे मी जेवणापूर्वी एका कागदावर लिहून काढतो : उद्या कोणाला फोन, कोणते बिल. कागदावर उतरले की डोक्यात फिरत नाही, निदान कमी फिरते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यासाठी दोन शब्द. माझे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला जात. सकाळी आठला येऊन ते झोपत आणि आम्ही भावंडे दिवसभर कुजबुजत बोलत असू. खिडकीला आईने काळे कापड लावलेले असे. त्यांनी झोप गमावली ती पोटासाठी, हौसेने नाही. आपण ती मोबाईलवर गमावतो, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला चहा घेऊन बसतो. या वयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे उशिराचे असते, त्यामुळे उशिरा झोप येणे हा आळस नव्हे, हे पालकांनीही समजून घ्यावे. परंतु दिवसा वाचलेले पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. रात्रभर जागून पाठ केलेले सकाळी आठवत नाही, याचा अनुभव मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आला आहे, आणि गुणपत्रिका अजून घरी आहे. घरात जागा नाही, गोंगाट आहे, म्हणून रात्री अभ्यास करावा लागतो, हे खरे कारण आहे. त्यासाठी मंडळाची अभ्यासिका पहाटे पाचला उघडावी, अशी मी अध्यक्षांना जाहीर विनंती करतो. किल्ली घेऊन येण्याची जबाबदारी माझी, नाहीतरी मी आता लवकर उठतोच.

गेल्या मार्चअखेरीस पुन्हा तीन-चार रात्री झोप उडाली. पूर्वी असते तर मी लगेच साडेनऊला गादी घातली असती. या वेळी पाटावर बसलो, वही शिवली, सकाळी सहाला उठलो, दुपारी झोपलो नाही. पाचव्या रात्री घडी बसली.

ज्यांना कोणाशी बोलायचे आहे, पण रुग्णालयाच्या त्या बाकावर बसायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि मराठीतूनही बोलता येते. खतावणीच्या कागदाच्या पन्नास प्रती मी काढून आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चिटणीसांनी सर्वांसाठी चहा सांगितलेला आहे. साडेसहा वाजून गेलेले आहेत, तेव्हा माझा कप कोणीतरी घ्यावा.